मुलांना सहलीला नेण्याआधी
कोलशेतकरांना आणि त्यांच्या परदेशातल्या नातलगांना एक आवाहन

डिसेंबर लागला की कोलशेत रोडवरच्या सोसायट्यांत परदेशी पाहुणे उतरायला लागतात. पाहुणे कसले, आपलीच माणसे ती. न्यू जर्सीची नात, लंडनचा भाचा, सिडनीची पुतणी आणि सोबत तिची ऑस्ट्रेलियन मैत्रीण. पहिला आठवडा झोप काढण्यात आणि नातलगांकडच्या जेवणांत जातो. मग एका सकाळी नात म्हणते, “आजी, मला इथल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय. दोन आठवडे आहेत माझ्याकडे.”

आजीला आनंद होतो, आणि का होऊ नये? लगेच फोनाफोनी सुरू होते. शेजारच्या काकांची एका बालगृहात ओळख निघते, कोणाच्या तरी ओळखीने बांधकामाच्या साइटवरची मुले मिळतात. केक सांगितला जातो, वह्या-पेन्सिली येतात, बस ठरते. शनिवारी चाळीस मुले बागेत जाऊन येतात, रविवारी फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरतात आणि पुढच्या शनिवारी नात विमानात असते.

यात कोणाच्या मनात वाईट नसते, आणि ही धडपड बंद करा असे सांगायला हे लिहीत नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की मुलांसाठी काही करायचे असेल तर त्या मुलांजवळ रोज असणाऱ्या माणसाच्या हाताखाली करा. अंगणवाडी सेविका, महापालिका शाळेतल्या बाई, साइटवर वर्ग घेणारी ताई, बालगृहाचे अधीक्षक, यांपैकी जो कोणी असेल त्याला आधी भेटा. काय करावे हे त्याला ठरवू द्या आणि तो सांगेल ते करा. बाकीचे सगळे यातूनच निघते.

आपल्या दारातली मुले

कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. पलीकडच्या काठाला भिवंडी तालुका आणि मधे उल्हासचे खारे पाणी. कपूरबावडीकडून येणाऱ्या रस्त्यावर एके काळी रंग-रसायनांचे मोठे कारखाने होते. ते बंद झाले आणि त्यांच्या जमिनींवर उंच टॉवर आले. अजून येत आहेत. प्रत्येक नव्या टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती असते. मराठवाडा, बिहार, झारखंड, बंगाल, ओडिशा, तेलंगण अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे तिथे राहतात. इमारतीचे काम संपले की ती दुसऱ्या साइटवर जातात, आणि मुलांची शाळा, मित्र आणि ओळखीच्या बाई तिथेच मागे राहतात.

म्हणजे या मुलांच्या आयुष्यात माणसे येऊन निघून जाण्याला मुळीच तोटा नाही. दोन आठवड्यांत त्यांना जीव लावून, गळ्यात पडून, नंबर देऊन-घेऊन निघून जाणारी ताई ही त्या यादीतली आणखी एक. ताईला ही आठवण जन्मभर पुरते. मूल मात्र पुढचे कितीतरी शनिवार फाटकाकडे बघत बसते. तेव्हा पाहुणीने मुलांची लाडकी होण्याची घाई करू नये. मुलांचा ओढा त्यांच्या रोजच्या बाईंकडे वाढेल, असे वागावे. “तुमच्या बाईंनी मला बोलावलं म्हणून मी आले,” हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे. किती दिवस आहे आणि कधी जाणार, हेही तेव्हाच सांगून टाकावे. निघायच्या दिवशी खोटे वचन देऊ नये. ‘लवकरच येईन’ हे वाक्य मुले आपल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात.

घरच्यांनीही एक गोष्ट उघडपणे बोलून घ्यावी. परदेशातल्या पुष्कळ शाळा-कॉलेजांत सेवेचे तास मोजले जातात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शालान्त प्रमाणपत्रासाठी ७५ तासांची सेवा सक्तीची आहे, आणि इतर ठिकाणी कॉलेजच्या अर्जात तिचे वजन पडते. नातीला तास हवे असतील तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मग ते तास बाईंच्या सोयीने भरू द्या. पुस्तकांना कव्हर घालणे, गोष्टींच्या पुस्तकांची नोंदवही करणे, वर्गाची रंगरंगोटी, हिशेब संगणकावर चढवणे, दाखले आणि आधार कार्डासाठी पालकांबरोबर रांगेत उभे राहणे हीसुद्धा मुलांचीच सेवा आहे. बाईंचे दोन तास त्यातून मोकळे होतात आणि ते मुलांना मिळतात.

बाहेर काय झाले, इथे काय झाले

परदेशी स्वयंसेवक आणि मुले या विषयात जगाने बरेच महाग धडे घेतले आहेत. कंबोडियात पर्यटक वाढले तशी अनाथालये वाढत गेली. तिथल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात होते. पाहुणे येतात, मुलांना कडेवर घेतात, पैसे देऊन जातात, म्हणून गरीब घरांतून मुले आणून ठेवली जाऊ लागली. अखेर २०११ मध्ये तिथल्याच एका संस्थेला ‘मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत’ अशी मोहीम काढावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. त्याआधी तिथल्या संसदेत अशा अनाथालयांच्या धंद्यावर बरीच चर्चा झाली होती. ज्या देशांतून स्वयंसेवक जातात तेच देश आता आपल्या तरुणांना सावध करू लागले आहेत.

आपल्याकडचे अनुभव याहून कडू आहेत. गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस समाजसेवक म्हणून मिरवत मुलांचे वसतिगृह चालवत होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली. तो मुलांवर अत्याचार करत होता आणि परदेशी गिऱ्हाइकांना मुले पुरवत होता, हे उघड झाले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी काढलेल्या ‘अँकरेज’ निवाऱ्यातल्या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली. उच्च न्यायालयात ते सुटले, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दोन्हीकडे आजूबाजूच्या माणसांना त्या माणसांचे कौतुकच होते. गोरा माणूस आपल्या गरीब पोरांसाठी एवढे करतो म्हटल्यावर त्याला प्रश्न कोण विचारणार?

आता प्रश्न विचारायचे. पाहुणा परदेशी असो, घरचा असो वा सोसायटीचा सेक्रेटरी असो, नियम सगळ्यांना सारखे. मोठे माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटे राहणार नाही. मुलाला घरी नेणार नाही, मुक्कामाला ठेवणार नाही, परस्पर फोनवर बोलणार नाही. संस्थेने ओळखपत्राची प्रत मागितली किंवा पोलीस पडताळणी मागितली तर अपमान वाटून घेऊ नये. उलट जी संस्था काहीच न विचारता मुले तुमच्या हवाली करते, तिच्यापासून चार हात दूर राहावे आणि तिची नोंदणी आहे का ते पाहावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. बालगृहातले मूल बाहेर नेणे हा पाहुण्याचा हक्क नव्हे. ते अधीक्षकांच्या आणि गरज पडेल तिथे बाल कल्याण समितीच्या परवानगीनेच होते.

काही खटकले तर गप्प बसू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. ‘आपण चार दिवसांचे पाहुणे, कशाला उगाच’ ही सबब कायद्याला चालत नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक बस भरण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

चांगले काम कसे दिसते

भीती घालून थांबलो तर हे आवाहन अपुरे राहील, कारण आपल्याकडे चांगली उदाहरणेही आहेत. पन्नाशीच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे तरुण अनेक देशांतून आनंदवनात आले होते. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी उभी केलेली ही संघटना. त्या तरुणांनी वरोऱ्याला विटा वाहिल्या आणि इमारती उभारल्या. काय बांधायचे आणि कुठे, हे बाबा आमटे आणि तिथली माणसे ठरवत होती. पाहुणे गेले, इमारती राहिल्या आणि तिथल्या रोजच्या माणसांच्या कामी आल्या.

दुसरे उदाहरण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. पुढे ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नव्हती, कारण कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे तर कोणाला गुरे राखायची असत. मुलांना दोष देण्याऐवजी या दोघींनी शाळाच बदलली. धाकट्यांसाठी पाळणाघर शेजारी आणले आणि गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तीच कुरणशाळा. अनुताई १९९२ मध्ये वारल्या, तोवर त्यांचे काम तिथेच होते. आपल्याकडे दोन आठवडे असतील, तर अशा एखाद्या माणसाचे काम दोन आठवडे हलके करणे हीच सर्वांत मोठी सेवा.

आजही फार लांब जावे लागत नाही. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महापालिकेच्या साथीने ती उभी केली. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या पुलाखाली गेली. मुंबईत बांधकामांवरच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवणाऱ्या ‘मुंबई मोबाइल क्रेशेस’चे काम १९७२ पासून चालू आहे. अशा संस्थेत गेल्यावर पहिला प्रश्न ‘मी मुलांना काय शिकवू?’ असा नको. ‘तुमचे कोणते काम अडले आहे?’ असा हवा.

आता सहलीचे

सहलीला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. साइटवरच्या मुलाला पाच मिनिटांवरची बागही परकी असते. मात्र सहल म्हणजे बस भरणे नव्हे. मामा भाच्यांना जत्रेला नेतो तेव्हा त्याला प्रत्येकाची खोड माहीत असते, कोणाला बस लागते, कोण गर्दीत हात सोडतो, कोणाला मिरची चालत नाही. आपल्याला हे माहीत नसते, म्हणून ज्याला माहीत आहे तो सोबत हवा. बाई येणार नसतील तर सहल पुढे ढकला.

ठिकाण जवळचे निवडा. कोलशेत-ढोकाळी भागात २०२४ मध्ये खुले झालेले साडेवीस एकरांचे सेंट्रल पार्क आहे. तिकीट काढून आत गेले की झाडे, पाणी, खेळायला जागा सगळे मिळते. आपल्या सोसायटीतली मुले तिथे नेहमी जातात, तर साइटवरच्या मुलांनीही जावे. थोड्या मोठ्या मुलांना ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र दाखवावे. ठाणे खाडीतले रोहित थंडीच्या दिवसांत येतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मोठी सहल काढायची असेल तर भायखळ्याची राणीची बाग आहेच. लोकलने नेणार असाल तर रविवारी, गर्दी नसताना न्या. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून आपल्या ठाण्यालाच आली, हे सांगायलाही प्रवासात वेळ मिळेल.

आणखी एक सुचवतो. सगळ्या सहली आपणच दाखवायच्या असे कशाला? कोलशेत गावठाणातल्या मुलांना पाहुण्यांना खाडी दाखवू द्या. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, चिंबोरीची बिळे, भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना पाठ असतात. एखाद्या कोळी आजोबांना जाळे कसे टाकतात ते विचारा. न्यू जर्सीची नात त्या दिवशी शिकणारी होईल आणि गावातले पोर सांगणारे. साइटवरच्या मुलांनाही बरोबर घ्या. गाव, साइट आणि टॉवर एरवी एकमेकांशी बोलत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत मात्र एक शब्द इकडचा तिकडे नको. खाडी काठावरून पाहायची, पाण्यात आणि चिखलात उतरायचे नाही. भरती कधी चढते ते कळत नाही आणि गाळात पाय रुतला की मोठ्यांनाही निघत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसे जास्त होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. म्हणून आपल्या सहलीत बोट नको, कोणी कितीही आग्रह केला तरी नको. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यांकडेही मुलांना नेऊ नये.

आता तयारी. पालकांची परवानगी लेखी घ्या, पण कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. कुठे जाणार, किती वाजता परत येणार, सोबत कोण असणार आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे आईला तोंडपाठ झाले पाहिजे. ही परवानगी मुकादमाची नव्हे, आईबापांची हवी. मुकादमाला विचारले म्हणजे झाले असे समजणारे बरेच असतात. मूल ठेकेदाराचे नाही.

धाकटी भावंडे विसरू नका. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर बहुधा वर्षा-दीड वर्षाचे बाळ असते. ‘फक्त सहा वर्षांवरची मुले’ असे म्हटले की ती मुलगी घरी राहते, आणि तिलाच सहलीची सर्वांत जास्त गरज असते. बाळाची सोय करा, एखाद्या आईला त्या दिवशीची मजुरी देऊन बरोबर घ्या. कोसबाडच्या दोघींनी पाळणाघर शाळेशेजारी आणले ते याचसाठी.

मुले थोडी न्या. चाळीसपेक्षा पंधरा बरी. उरलेल्यांसाठी दुसरी सहल काढा आणि तिची तारीख आधीच सांगा. दर पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे, त्यांत बायका पुरेशा हव्यात, आणि प्रत्येक मुलाला आपले मोठे माणूस कोण ते माहीत हवे. मनगटावर पट्टी बांधा, तिच्यावर फोन नंबर लिहा. मुलाचे नाव बाहेरून दिसेल असे लिहू नका, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल विश्वास ठेवते. चढताना, उतरताना, जेवायला बसताना आणि निघताना मोजणी करा. मोजणारा एकच असावा आणि त्याच्या हातात यादी असावी.

बसमध्ये पुढच्या जागा उलटी होणाऱ्यांना द्या. पिशव्या, पाणी, ओआरएस, एक टॉवेल आणि दोन-चार जादा कपडे ठेवा. पोहोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह दाखवा. वयात आलेल्या मुली असतील तर पॅड बरोबर ठेवा आणि ते कोणाकडे मागायचे हे बाईंकरवी आधीच सांगा. जेवण साधे ठेवा. पोळी-भाजी, केळे, चिक्की पुरते. क्रीमचा केक आणि सरबते उन्हात बाधतात. चपला नसलेले मूल असेल तर सहलीच्या दिवशी सगळ्यांसमोर चपला देऊ नका. चार दिवस आधी बाईंच्या हातून पोहोचवा. वेळ सकाळी नऊ ते दुपारी एक पुरे. परत आल्यावर प्रत्येक मूल आईच्या किंवा बाईंच्या हाती सोपवून मगच निघा. फाटकाशी बस थांबवून ‘जा रे आपापल्या घरी’ असे कधी करू नका.

आणि मुलांना मोकळे सोडा. रांगेत फिरवून पाट्या वाचून दाखवल्या की ती सहल शाळेहून कंटाळवाणी होते. झोका, घसरगुंडी, गवतावर लोळणे हेच त्यांना हवे असते. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्र काढायला लावा, गोष्ट सांगायला लावा. सहल तिथे पुरी होते, आणि तो वर्ग बाईंनी घ्यावा.

फोटो, केक आणि खाऊ

फोटो काढण्याचा मोह आवरा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, फोटो कुठल्याही माध्यमात देणे बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने गुन्हा ठरते. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी एवढे विचारा, की आपल्या नातवाचा फोटो अनोळखी माणसाने ‘गरीब मूल’ असे लिहून टाकला तर आपल्याला चालेल का? आठवण हवी असेल तर मुलांनी काढलेल्या चित्रांचा, पाठमोऱ्या रांगेचा किंवा मोठ्या माणसांचा फोटो काढा.

बालगृहात वाढदिवस करण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. आपल्या मुलाचा केक, आपल्या मुलाचे औक्षण आणि टाळ्या मात्र त्या मुलांच्या. त्यांतल्या कित्येकांना स्वतःची जन्मतारीख माहीत नसते. महिन्यातून चार वेळा परक्या मुलांसाठी टाळ्या वाजवणे त्यांना कसे वाटत असेल? वाढदिवसाचे पैसे द्या, जेवण द्या, पण कार्यक्रम करू नका. अधीक्षकांना विचारा, ते बहुधा साबण, चादरी, चष्म्याचा खर्च किंवा शिकवणीची फी सांगतील. तेच द्या.

सहलीनंतर

सहलीने काय उरते? मुलाच्या मनात एक चांगला दिवस उरतो आणि तोही लहान नव्हे. पण सहलीच्या निमित्ताने आपल्याला त्या वस्तीतली मुले नावानिशी कळलेली असतात. मग एक काम आपल्या हातात येते, शाळेत नाव घालण्याचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात कधीही प्रवेश मिळतो, वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे आईबापांना माहीत नसते, आणि कामाचा दिवस बुडवून शाळेत खेपा घालणे त्यांना परवडत नाही. सोसायटीतल्या निवृत्त माणसाला ते सहज जमते. एका मुलाचे नाव हजेरीत लागले तर ते दहा सहलींपेक्षा मोठे काम झाले.

पाहुण्यांनी परत गेल्यावर काय करावे? ज्या ताईच्या हाताखाली दोन आठवडे काम केले, तिच्या पगाराला हातभार लावावा. मुलांच्या संस्थांना वस्तू देणारे पुष्कळ भेटतात, पगार देणारे फार थोडे. परदेशातल्या मराठी माणसांना हे नवीन नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून इथल्या सामाजिक संस्थांना बळ देत आले आहे. पैसा कसा पाठवायचा, संस्थेला परदेशी देणगी घेण्याची परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर आपल्या व्हिसावर स्वयंसेवा चालते का, तेही येण्याआधी पाहून ठेवावे. इथे आल्यावर धावपळ नको.

कोलशेत रोडवरच्या प्रत्येक सोसायटीला माझी विनंती आहे. या सुट्टीत पाहुणे यायच्या आधी दोन माणसे नेमा, त्यांत एक बाई असावी. जवळच्या अंगणवाडीत, महापालिकेच्या शाळेत आणि शेजारच्या साइटवर त्यांना एकदा जाऊन येऊ द्या. तिथल्या बाईंना काय हवे आहे ते वहीत लिहून आणा आणि ती वही पाहुण्यांपुढे ठेवा. त्यांतले जे जमेल ते पाहुण्यांनी करावे. पाहुणे गेले की उरलेले आपण करावे. वहीत सहल लिहिली असेल तर सहल जरूर काढा. नसेल तर बाईंनी जे मागितले आहे तेच आधी द्या.